जीआरई सराव साहित्याची निवड : प्रकल्प नोंदी (जून ते सप्टेंबर २०२५)

१४ जून

आम्ही तिघं जीआरईच्या, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, अभ्यासाला एकत्र बसतोय. एकीला संख्याशास्त्रात पुढे शिकायचंय, एकाला इतिहासात, मला सार्वजनिक धोरणात. तिघांच्याही परीक्षा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात येतील. साहित्य गोळा करून त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं हे ठरवण्याचं काम मी मागून घेतलं, कारण इथे चूक झाली तर पुढचे तीन महिने फुकट जातात. तयारी करणाऱ्यांकडे साहित्य कमी नसतं. नको इतकं असतं, आणि त्यातलं बरंचसं आता ज्या रूपात ही परीक्षा होत नाही त्या रूपाचं असतं.

आजचं रूप आधी लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट त्यालाच लावून बघता येईल. एकूण १ तास ५८ मिनिटं. सुरुवातीला एक निबंध, ३० मिनिटं. व्हर्बलचे, म्हणजे भाषेचे, दोन विभाग : १२ प्रश्न १८ मिनिटांत, १५ प्रश्न २३ मिनिटांत. क्वान्टचे, म्हणजे गणिताचे, दोन : १२ प्रश्न २१ मिनिटांत, १५ प्रश्न २६ मिनिटांत. व्हर्बल आणि क्वान्ट प्रत्येकी १३० ते १७०, निबंध ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पहिल्या विभागातल्या कामगिरीवर दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी ठरते, आणि ही शेवटची गोष्ट साहित्य निवडताना सगळ्यात जास्त त्रास देणार आहे.

१६ जून

जमलेला ढीग वेगळा केला. दोन तारखा धरून चाळणी लावली.

पहिली ऑगस्ट २०११. तेव्हा परीक्षेचा साचा बदलला, विरुद्धार्थी शब्द आणि सादृश्य (शब्दजोड्यांमधलं नातं ओळखणं) हे प्रश्नप्रकार गेले, पडद्यावर कॅल्क्युलेटर आला आणि २०० ते ८०० ची गुणपट्टी जाऊन १३० ते १७० ची आली. त्यामुळे २०११ आधीच्या पुस्तकांतला व्हर्बलचा मोठा भाग आमच्या कामाचा नाही. पण उताऱ्यांवरचे प्रश्न आहेत. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेनेच १९९६ साली २७ जुन्या चाचण्यांचा जाडजूड संग्रह काढला होता, 'बिग बुक' म्हणतात तो. त्यातले उतारे आजही चांगले वाटतात, कारण ते परीक्षा घेणाऱ्यांनीच तयार केलेले आहेत. तेवढे ठेवले. सादृश्य आणि विरुद्धार्थी शब्दांची पानं क्लिप लावून बंद केली.

दुसरी तारीख २२ सप्टेंबर २०२३. परीक्षा पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आली. युक्तिवाद तपासण्याचा दुसरा निबंध गेला, गुण न मोजला जाणारा विभाग गेला, मधली विश्रांतीही गेली. हे कळलं की बरेच जण २०२३ आधीचं सगळं साहित्य बाजूला टाकतात. मी आधी भागाकार करून पाहिला. जुन्या व्हर्बलमध्ये ३० मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आताच्या १८ मिनिटांत १२ म्हणजेही दीड मिनिटच. जुन्या क्वान्टमध्ये ३५ मिनिटांत २०, म्हणजे पावणेदोन मिनिटं. आता २१ मिनिटांत १२, तेही पावणेदोन. दुसऱ्या विभागांत फरक पडतो तो सेकंदांचा. प्रश्नांचे प्रकारही तेच राहिले आहेत. म्हणजे २०११ ते २०२३ मधल्या पुस्तकांतले सुटे प्रश्न पूर्णपणे कामाचे आहेत. कालबाह्य झाल्या आहेत त्या फक्त त्या पुस्तकांमधल्या पूर्ण लांबीच्या चाचण्या. त्या फोडून सुट्या प्रश्नांचे गठ्ठे करायचे.

या एका हिशेबाने निम्मा ढीग वाचला.

२१ जून

अधिकृत साहित्याचा साठा मोजला. ईटीएसच्या पॉवरप्रेप ऑनलाइनमध्ये दोन पूर्ण चाचण्या मोफत आहेत. पॉवरप्रेप प्लसमध्ये पैसे भरून आणखी तीन मिळतात, त्यांत उत्तरांचं स्पष्टीकरण असतं आणि निबंधालाही गुण दिले जातात. शिवाय अधिकृत मार्गदर्शक पुस्तक, क्वान्ट आणि व्हर्बलचे एकेक वेगळे प्रश्नसंग्रह आणि गणिताची मोफत उजळणी-पुस्तिका. खरा माल म्हणावा असा एवढाच. बाहेर हजारो प्रश्न मिळतील, पण ज्यांनी परीक्षा काढली त्यांच्या हातचे प्रश्न मोजकेच आहेत आणि एकदा सोडवलेला प्रश्न पुन्हा कोरा होत नाही.

म्हणून माझं मत असं, आणि बाकीचं सगळं नियोजन मी याच्याभोवती रचतोय : अधिकृत साहित्य मोजायला वापरायचं, बाहेरचं साहित्य घडायला. उलटं केलं तर दोन्हीकडून तोटा. अधिकृत चाचण्या शिकता-शिकताच संपतात आणि शेवटी आपण कुठे उभे आहोत हे सांगायला बाहेरच्या चाचण्यांचा अंदाजपंचे स्कोअर तेवढा उरतो.

पहिली मोफत चाचणी कधी द्यायची यावर वाद झाला. इतिहासवाला म्हणाला, "अरे, अजून भूमितीला हात लावला नाही, आत्ता चाचणी देऊन काय कळणार?" मी म्हटलं, भूमितीला किती हात लावायला हवा तेच कळेल. सुरुवातीची मोजणी नसेल तर साहित्य निवडायचं कशाच्या आधारावर? शेवटी पाचपैकी एक चाचणी सुरुवातीलाच खर्च करायचं ठरलं. दुसरी मोफत ऑगस्टअखेर. प्लसच्या तीन सप्टेंबरपासून पुढे.

एक नियम सगळ्यांनी मान्य केला : तिघांचीही चाचणी देऊन झाल्याशिवाय तिच्यातल्या एकाही प्रश्नाबद्दल बोलायचं नाही. या चाचण्यांतले प्रश्न ठरलेले असतात. मी काल दिलेल्या चाचणीतला प्रश्न आज चहा घेताना सहज सांगितला तर दुसऱ्याचं माप तिथेच बिघडलं.

२४ जून

आजचा पूर्ण दिवस बाहेरच्या व्हर्बल प्रश्नसंचांत गेला. निवडीचा निकष ठरवायला वेळ लागला, पण तो सापडल्यावर काम भराभर झालं.

गाळलेल्या जागांच्या चांगल्या प्रश्नात उत्तर वाक्यातच असतं. आपल्याला काय आवडतं, काय शोभून दिसतं याला तिथे जागा नसते. नमुना मराठीतच करून पाहतो :

'समीक्षकाने कादंबरीची भाषा ____ असल्याचं म्हटलं. मात्र हाच आखडता हात शेवटच्या प्रकरणात वाचकाला अडवतो, अशी पुस्तीही जोडली.' पर्याय : आलंकारिक, प्रासादिक, मोजकी, बोजड, रसाळ.

'प्रासादिक' मोहात पाडतो, कारण 'मात्र'च्या आधी स्तुती असणार असं मन धरून चालतं. पण 'हाच आखडता हात' हे शब्द मागे बोट दाखवतात, आणि ते बोट फक्त 'मोजकी'कडे जातं. बाकी चारही पर्याय या तीन शब्दांमुळे चूक ठरतात. ते का चूक आहेत हे एका ओळीत दाखवता येतं.

आता हाच प्रश्न वाईट संचात कसा येतो ते पाहा : 'समीक्षकाने कादंबरीची भाषा ____ असल्याचं म्हटलं आणि वाचकांनीही ती उचलून धरली.' पर्याय तेच. इथे प्रासादिक चालेल, रसाळ चालेल, मोजकीही चालेल. उत्तरपत्रिकेत त्यातला एक छापलेला असतो आणि स्पष्टीकरणात फक्त त्या शब्दाचा अर्थ. अशा प्रश्नांवर महिनाभर सराव केला की विद्यार्थी वाक्यातला पुरावा शोधायचं सोडून देतो आणि 'वाटतंय' यावर उत्तरं देऊ लागतो. गुण कमी पडण्यापेक्षा हे नुकसान मोठं, कारण लागलेली सवय नंतर मोडावी लागते.

म्हणून प्रत्येक संचातले थोडे प्रश्न उत्तर न बघता घेतले आणि प्रश्नाखाली लिहिलं : वाक्यातल्या कोणत्या शब्दांनी उत्तर ठरतं? मग स्पष्टीकरण उघडलं. ते त्याच शब्दांकडे बोट दाखवत असेल तर संच ठेवला. नुसता शब्दकोशातला अर्थ देत असेल तर बाजूला. दोन-तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नांत तर हे फारच लवकर उघडं पडतं. तिथे सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण मिळतात, अर्ध्या उत्तराला काही नाही. त्यामुळे एकही जागा पुराव्याशिवाय सोडलेली चालत नाही.

अवघड शब्दांची संख्या ही काठिण्याची खूण नाही, हेही आज पक्कं झालं. अधिकृत संग्रहातले काही सगळ्यात कठीण प्रश्न अगदी ओळखीच्या शब्दांचे आहेत. अवघड असते ती वाक्याची रचना : दुहेरी नकार, लांबवर गेलेला 'जरी', आणि मध्येच पालटलेली बाजू.

३० जून

क्वान्टचे संच तपासले. इथली निवड सोपी आहे. या परीक्षेत त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचं विश्लेषण एवढंच. ज्या संचात याबाहेरचं काही दिसलं तो तिथेच बंद केला.

उरलेल्यांत एकच कसोटी लावली : प्रश्न विचाराने सुटतो की नुसत्या आकडेमोडीने? तुलनेच्या प्रश्नांचं, म्हणजे दोन राशींपैकी मोठी कोणती हे ठरवण्याच्या प्रश्नांचं, उदाहरण : राशी अ म्हणजे ३७ × ४३, राशी ब म्हणजे ३६ × ४४. दोन्ही जोड्यांची बेरीज ८०. बेरीज तीच असेल तर एकमेकांच्या जवळच्या संख्यांचा गुणाकार मोठा, म्हणून अ मोठी. १६०० मधून ९ वजा आणि १६०० मधून १६ वजा, संपलं. कॅल्क्युलेटरनेही उत्तर येईल, पण चांगलं स्पष्टीकरण आधी हा मार्ग दाखवतं. एका संचात ३.७८५ × ४६.९१ अशा जातीची तुलना होती आणि स्पष्टीकरणात दोन दशांश संख्या लिहून काम संपवलं होतं. त्यातून शिकण्यासारखं काहीच नाही.

दुसरा नमुना : क्ष शून्यापेक्षा मोठा. राशी अ : क्ष चा वर्ग. राशी ब : क्ष. क्ष २ घेतला तर अ मोठी, १/२ घेतला तर ब मोठी, म्हणून उत्तर 'दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही'. अपूर्णांक, ऋण संख्या, शून्य आणि एक यांच्याशी असा खेळ करणारे प्रश्न ज्या संचात भरपूर आहेत तो माझ्या मते तुलनेच्या सरावाला सर्वात चांगला. आकृत्यांबाबतही हेच पाहिलं. परीक्षेत भूमितीची आकृती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही. आलेख मात्र प्रमाणात असतात. जो संच मुद्दाम फसवी आकृती देऊन हे शिकवतो तो ठेवला.

५ जुलै

तिघांची पहिली चाचणी झाली. निकाल अपेक्षेसारखेच, पण त्यांचा अर्थ लावताना जपायला हवं. व्हर्बलमधले १६० आणि क्वान्टमधले १६० सारखे नाहीत. क्वान्टमध्ये वरच्या टोकाला गर्दी असते, त्यामुळे तेच १६० तिथे बऱ्याच खालच्या पर्सेंटाइलला बसतात. संख्याशास्त्रवालीला क्वान्टमध्ये अगदी टोकाला पोचावं लागेल. तिला सोप्या-मध्यम प्रश्नांचे गठ्ठे देण्यात अर्थ नाही, तिला फक्त कठीण स्तराचे दिले. इतिहासवाल्याचं क्वान्ट मध्यम आहे आणि तेवढं त्याला पुरेसं आहे. त्याचे तास व्हर्बलमध्ये जायला हवेत. एकाच यादीतून तिघांनी सगळं सोडवायचं हा बेत इथेच रद्द केला.

९ जुलै

निबंधासाठी बाहेरचं काहीच घेणार नाही. परीक्षेत येऊ शकणाऱ्या विषयांचा पूर्ण संच ईटीएसने स्वतःच संकेतस्थळावर ठेवलेला आहे आणि गुणांसकट नमुना निबंधही आहेत. तेच वाचायचे, विषय डोळे मिटून निवडायचा, ३० मिनिटं लावायची. लिहायचं साध्या नोटपॅडमध्ये, कारण परीक्षेच्या पडद्यावर शुद्धलेखन तपासणी नसते.

१९ जुलै

बाहेरच्या पूर्ण चाचण्या तपासल्या. अधिकृत पाच जपून वापरायच्या असल्याने दमसासाच्या सरावाला आणखी काही हव्याच होत्या.

पहिली तपासणी : दुसरा विभाग खरोखर बदलतो का? पहिल्या विभागात मी मुद्दाम वाटेल ते पर्याय निवडले आणि दुसरा विभाग सोपा येतो का ते पाहिलं. मग पुन्हा नीट सोडवून पाहिलं. एका ठिकाणी दोन्ही वेळा तेच प्रश्न आले, त्याच क्रमाने. जाहिरातीत मात्र 'खऱ्या परीक्षेसारखीच' असं ठळक लिहिलेलं होतं. विद्यार्थी विश्वासाने पैसे देतो आणि त्याला स्थिर प्रश्नपत्रिकेवरचा गुण खऱ्या मापाचा म्हणून दिला जातो, याचा मला मनापासून राग आला. त्या चाचण्या यादीतून काढल्या.

दुसरी तपासणी पडद्याची. खऱ्या परीक्षेत प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं, विभागाच्या आत मागे येऊन उत्तर बदलता येतं, सगळ्या प्रश्नांची यादी एका ठिकाणी पाहता येते. हे नसेल तर वेळेची आखणी वेगळीच शिकली जाते. कॅल्क्युलेटरही पाहिला : २ + ३ × ४ टाकल्यावर १४ यायला हवेत. परीक्षेतला कॅल्क्युलेटर क्रियांचा क्रम पाळतो. एकाने २० दाखवले. गोष्ट लहान आहे, पण बोटांना चुकीची सवय लागते.

तिसरी गोष्ट, बाहेरच्या स्कोअरला किती मान द्यायचा? माझं उत्तर : जवळजवळ काहीच नाही. एका चाचणीने आमच्या संख्याशास्त्रवालीला क्वान्टमध्ये इतके कमी गुण दाखवले की ती दोन दिवस पुस्तक उघडेना. मी तिच्याबरोबर बसून प्रश्न पाहिले. निम्मे आकडेमोडीनेच लांबलेले, पावणेदोन मिनिटांत सुटणारच नाहीत असे. "अगं, हे प्रश्न तुझी परीक्षा घेत नाहीयेत, तुझा वेळ खातायत," असं सांगितलं तेव्हा ती सावरली. तेव्हापासून बाहेरच्या चाचणीचा स्कोअर आम्ही लिहूनच ठेवत नाही. किती प्रश्न वेळेत झाले, कोणत्या प्रकारात अडलो आणि शेवटच्या पाच मिनिटांत काय केलं, एवढंच लिहितो.

२ ऑगस्ट

चुकांच्या वहीचा साचा बदलला. 'चूक', 'बरोबर' आणि विषय एवढ्यावरून पुढचं साहित्य निवडता येत नव्हतं. आता चार रकाने आहेत : कशामुळे चुकलं, आपण कोणता चुकीचा पर्याय निवडला, तो का मोहात पाडत होता, आणि तो चूक ठरवणारा शब्द किंवा अट कोणती. तिसरा रकाना सगळ्यात उपयोगी पडतोय. इतिहासवाल्याच्या उताऱ्यांच्या चुका एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं की तो बहुतेक वेळा असं विधान निवडतो जे बाहेरच्या जगात खरं आहे पण उताऱ्यात कुठेच म्हटलेलं नाही. विषयाची जाण असलेल्या माणसाला हा सापळा जास्त लागतो. त्याच्यासाठी आता मुद्दाम इतिहासाबाहेरचे उतारे काढलेत, भूगर्भशास्त्र आणि जीवशास्त्राचे, जिथे त्याला उताऱ्यावरच विसंबावं लागेल.

बरोबर आलेले पण खात्री नसलेले प्रश्नही आता वहीत जातात.

१६ ऑगस्ट

छोट्या परिच्छेदांवरच्या युक्तिवादाच्या प्रश्नांना बाहेरचे जीआरई संच कमी पडू लागले. मग जीमॅट आणि एलसॅट (व्यवस्थापन आणि कायद्याच्या शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षा) यांचे अधिकृत जुने प्रश्न घेतले. 'कोणत्या माहितीने हा निष्कर्ष दुबळा होतो', 'कोणतं गृहीत धरलं आहे' हे तिन्ही परीक्षांत जवळपास त्याच घडणीचं असतं, आणि त्या दोन्हींचे प्रश्न फार काटेकोर बांधलेले असतात. एलसॅटचे उतारे लांब आणि दाट आहेत, म्हणून तिथे वेळ लावायचा नाही, फक्त पर्याय खोडण्याचा सराव करायचा. जीमॅटमधल्या वाक्यदुरुस्तीचा मात्र आमच्याशी संबंध नाही. ती आता खुद्द जीमॅटमध्येही राहिलेली नाही.

३० ऑगस्ट

दुसरी मोफत चाचणी दिली. व्हर्बलमध्ये तिघंही वर गेलो, क्वान्टमध्ये संख्याशास्त्रवाली सर्वात जास्त. तिने विचारलं, पहिलीच चाचणी पुन्हा देऊन आणखी एक माप घेऊ का? नको म्हटलं. प्रश्न तेच येणार. वाढलेल्या गुणांत आठवण किती आणि तयारी किती, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही. तिच्यातले चुकलेले प्रश्न मात्र पुन्हा, वेळ न लावता, जरूर सोडवायचे.

दोन-तीन गुणांच्या चढउतारावर कुणी आपली योजना बदलायची नाही, हेही ठरवलं. एवढा फरक कोणत्याही दोन चाचण्यांत पडतोच.

१३ सप्टेंबर

प्लसची पहिली चाचणी प्रत्येकाने आपली परीक्षा दिवसाच्या ज्या वेळेला आहे त्याच वेळेला दिली, मध्ये न उठता. मी आणि इतिहासवाला परीक्षा घरून देणार आहोत. घरून देताना कागदावर कच्चं काम करता येत नाही, पुसता येणारा छोटा पांढरा फळा चालतो. त्यामुळे आम्ही दोघं आता रोजचा क्वान्टचा सरावही फळ्यावरच करतोय. पहिल्या दिवशी जागा सारखी कमी पडत होती. आता फळ्याचे आधीच चार भाग पाडून घेतो आणि एक भाग भरला की पुढचा. संख्याशास्त्रवाली केंद्रावर जाणार, तिला तिथे कागद मिळेल, म्हणून तिची सवय मोडलेली नाही.

बाहेरचे सगळे संच आजपासून बंद. आता फक्त अधिकृत संग्रहांतले राखून ठेवलेले कठीण गठ्ठे आणि चुकांची वही.

प्लसची दुसरी चाचणी प्रत्येकाने आपल्या परीक्षेच्या आठवडाभर आधी द्यायची, म्हणजे तिचं स्पष्टीकरण निवांत वाचायला वेळ राहील. तिसरी कुणीही उघडायची नाही. परीक्षा पुन्हा द्यायची वेळ आली तर मध्ये किमान २१ दिवस जावे लागतात, आणि त्या २१ दिवसांत मोजायला आमच्याकडे तीच एक कोरी चाचणी असेल.